गावठाणातले प्लेगचे क्रूस

डॉकयार्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून माझगावच्या चढाकडे वळलं, की काही मिनिटांत माथारपाखाडी लागते. लाकडी जिने बाहेर काढलेली, कौलारू छपरांची जुनी घरं, अरुंद वाट, आणि वाटेच्या मध्यावर पवित्र क्रुसाचं एक छोटं प्रार्थनागृह. ते १८९७ साली बांधलं गेलं. कुणा राजाने, गव्हर्नराने किंवा बिशपने नव्हे. तिथे राहणाऱ्या लोकांनीच ते उभारलं. गिरगावच्या खोताच्या वाडीतही क्रुसाचं असंच एक छोटं प्रार्थनास्थान आहे, तेही प्लेगच्याच काळातलं. वांद्र्याच्या रानवार, चिंबई, वरोडा या वस्त्यांत फिरताना दर थोड्या अंतरावर पांढरा क्रूस दिसतो. त्यांतले काही पोर्तुगीज अमदानीतले, काही अलीकडचे. पण कितीतरी क्रुसांविषयी वस्तीतली म्हातारी माणसं एकच सांगतात, ‘प्लेगच्या वेळचा.’

मुंबईच्या इतिहासात प्लेग बहुधा दोन वाटांनी येतो. एक वाट पुण्याच्या गणेशखिंडीकडे जाते, प्लेग अधिकारी रँडच्या खुनाकडे आणि चापेकर बंधूंकडे. दुसरी जाते शहरसुधारणेसाठीचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, रुंद रस्ते आणि नव्या उपनगरांकडे. या क्रुसांची वाट तिसरी आहे आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं गेलं आहे. मरण दारात येऊन उभं राहिलं तेव्हा मराठी बोलणाऱ्या एका जुन्या ख्रिस्ती समाजाने काय केलं, कसली आशा धरली आणि ती कुठल्या रूपात रोवून ठेवली, हे या क्रुसांमधून वाचता येतं.

साथीची सुरुवात मांडवीत झाली. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची वखारपेठ: पोत्यांच्या थप्प्या, दमट तळघरं, एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, आणि उंदीर. १८९६ च्या सप्टेंबरात तिथे एका रोग्याला तपासताना डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांना जोराचा ताप आणि जांघेतली गाठ दिसली. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या बार्देशचे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले होते आणि महापालिकेचे सभासदही होते. हा गाठीचा प्लेग आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. व्यापारावर अवलंबून असलेल्या शहराला ही बातमी कशी रुचणार? सुरुवातीला त्यांच्यावर शंका घेण्यात आली. पुढे इतर तज्ज्ञांनी तपासणी केली आणि निदान खरं ठरलं.

त्यानंतर मुंबई पळू लागली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. साथीच्या पहिल्या हिवाळ्यात त्यातली निम्मी माणसं शहर सोडून गेली असा अंदाज तेव्हा केला जात होता. गिरण्या ओस पडल्या, स्टेशनांवर झुंबड उडाली. १९०१ च्या शिरगणतीतही आकडा ७ लाख ७६ हजारांच्याच आसपास राहिला. एरवी फुगतच जाणाऱ्या शहराची ही घट मरणाची आणि भीतीची मिळून होती. गाठीचा ताप आलेल्या दहांतले सात-आठ जण दगावत. पुढच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात या रोगाने सुमारे एक कोटी माणसं नेली.

या मरणाची तऱ्हाही वेगळी होती. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी इस्पितळात, घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत, सामानसुमान उन्हात किंवा आगीत, आणि भिंतींना चुना व कार्बॉलिक. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात. मृतदेह पुरण्या-जाळण्याआधी डॉक्टरने तपासायचा, असाही नियम झाला. आजारी माणसाला एकदा नेलं की तो कुठे आहे, कसा आहे, शेवटी कुणाचा हात त्याच्या हातात होता की नव्हता, हे घरच्यांना कळेलच याची खात्री नव्हती. रोगाची भीती मोठी होतीच. पण आपल्या माणसांवाचून, आपल्या प्रार्थनांवाचून मरण्याची भीती त्याहून खोल होती. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, सगळेच त्या भीतीत सापडले.

गिरगाव, माझगाव, वांद्रे इथल्या ज्या ख्रिस्ती लोकांविषयी हे लिहिलं आहे ते स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. नाव इंग्रजी असलं तरी माणसं इथल्या मातीतली आहेत: शेतकरी, कोळी, पाचकळशी, भंडारी अशा समाजांतून सोळाव्या-सतराव्या शतकात ख्रिस्ती झालेली. त्यांच्या घरची बोली मराठीच. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी आपली संघटना काढली आणि हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीधंद्यासाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी हाही त्यामागचा एक हेतू होता. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा याच समाजातले आणि याच माथारपाखाडीतले.

या लोकांना रस्त्याकडेचा क्रूस नवा नव्हता. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात एकाच दगडातून घडवलेला सुमारे १७ फूट उंचीचा क्रूस आहे. तो मुळात वांद्र्यातल्याच येशूसंघीयांच्या सेंट अ‍ॅन महाविद्यालयाच्या आवारातला. त्याच्या अंगावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची सगळी हत्यारं कोरली आहेत: काट्यांचा मुकुट, खिळे, हातोडा, पक्कड, शिडी, भाला. जवळ उभं राहून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. या दगडावर यातनांची साधनं आहेत, पण देह नाही. यातना भोगणारा आता तिथे नाही, तो उठून गेला आहे. ख्रिस्ती माणसाची मरणाविषयीची श्रद्धा त्या रिकाम्या क्रुसात मावते, आणि गावठाणांतले बहुतेक क्रूस असेच रिकामे आहेत.

क्रुसापाशी आपली आपण प्रार्थना करण्याची सवयही या समाजाला इतिहासाने लावली होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरूही गेले, मोठमोठे मठ ओस पडले. थोडी चर्चं आणि मोजके स्थानिक धर्मगुरू यांच्यावर साष्टी-वसईच्या खेड्यांची सारी भिस्त आली. अशा काळात गावच्या वेशीवरचा किंवा पाड्यातला क्रूस हे रोजचं देऊळ झालं. धर्मगुरू येवो न येवो, संध्याकाळी दिवा लावायचा, जपमाळ म्हणायची आणि लितानी, म्हणजे विनवण्यांची प्रार्थना, गायची. प्रार्थना सांगणारा गावातलाच कुणी जाणता माणूस, अनेकदा एखादी आजी.

१८९६ च्या मुंबईत याच सवयीचा आधार झाला. त्या वेळी मुंबईतले कॅथलिक दोन धर्मसत्तांत विभागलेले होते. काही चर्चं पोर्तुगालच्या ‘पाद्रोआदो’ अधिकाराखाली, काही थेट रोमच्या ‘प्रोपगांडा’खाली. या दोघांत भांडणं इतकी विकोपाला गेली होती की एकाच वस्तीत शेजारी राहणारी कुटुंबं वेगवेगळ्या चर्चांत जात आणि एकमेकांच्या धर्मगुरूंना मानत नसत. गल्लीतला क्रूस मात्र दोघांपैकी कुणाचाच नव्हता. जागा कुणाची तरी खासगी, वर्गणी साऱ्या गल्लीची, आणि राखण शेजारच्या घराची. प्लेगचे क्रूस चर्चच्या अंगणात न दिसता वाटेच्या वळणावर, विहिरीजवळ, घराच्या ओट्याला लागून दिसतात, त्याचं एक कारण हे असावं. दुसरं कारण वस्तीतले लोक सांगतात: साथीत गर्दीच्या चर्चमध्ये जायची भीती होती, म्हणून प्रार्थना घराजवळ आली. दोन्ही कारणं एकमेकांना पूरकच आहेत.

तिथे लोक काय म्हणत होते? रोजरीची जपमाळ. पाच दशकांची एक माळ पूर्ण करताना मरियेच्या नमनाची प्रार्थना ५३ वेळा म्हटली जाते. या प्रार्थनेच्या शेवटी मरियेकडे एकच मागणं असतं: आमच्यासाठी आत्ता विनंती कर आणि आमच्या मरणाच्या वेळी कर. एरवी ही प्रार्थना पाठ असलेल्या तोंडातून ओघाने निघून जाते. पण शेजारच्या घरातून काल प्रेत निघालं आहे, आपल्या लेकराचं अंग आज कढत लागतंय, अशा संध्याकाळी त्याच शब्दांना निराळं वजन येतं. एका बैठकीत ५३ वेळा मरणाची घटका उच्चारायची आणि प्रत्येक वेळी तिच्या शेजारी एका आईला उभी करायची! साथीच्या काळात माणसं मृत्यूचं नाव घ्यायला घाबरतात, त्याचा विषय टाळतात. या वस्त्यांनी उलट केलं. त्यांनी मरणाचं नाव रोज, चारचौघांत, सूर लावून घेतलं.

जपमाळेच्या जोडीला संतांचा धावा होता. प्लेगच्या संदर्भात कॅथलिक जगात दोन संतांची नावं येतात. बाणांनी विंधलेला संत सेबास्तियन, ज्याचा सण २० जानेवारीला. आणि १६ ऑगस्टचा संत रॉक. रॉकची कथा मध्ययुगातली. तो रोग्यांची सेवा करत हिंडला आणि स्वतःच रोगाने पडला. रानात एकटा पडला असताना एक कुत्रा त्याला रोज भाकरी आणून देई, असं सांगतात. त्याच्या मूर्तीत तो अंगरखा किंचित वर करून मांडीवरचा फोड दाखवताना दिसतो. युरोपात ही मूर्ती पाहणारे लोक त्या खुणेचा अर्थ हळूहळू विसरत गेले असतील. १८९७ च्या मुंबईत तो कुणाला सांगावा लागला नसता; ती गाठ नेमकी कुठे येते हे घराघरात माहीत होतं. वांद्र्यात आजही सेंट रॉक रोड आणि सेंट सेबास्तियन रोड असे दोन्ही रस्ते आहेत.

क्रूस उभारला आणि आमच्या गल्लीतला प्लेग थांबला, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. माथारपाखाडीचं प्रार्थनागृहही वस्ती वाचली म्हणून कृतज्ञतेने बांधलं गेलं. त्या कृतज्ञतेत खोटं काहीच नाही. ज्यांची मुलं जगली त्यांनी देवाचे आभार मानले. पण साथीचा इतिहास एवढ्यावर थांबत नाही. प्लेग पुढच्या हिवाळ्यात परत आला, त्यानंतरच्याही आला, आणि विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं दरसाल येत राहिला. क्रूस असलेल्या वस्त्यांतही माणसं मेली. तरी कुणी क्रूस उपटून टाकले नाहीत. तिथली प्रार्थना बंद पडली नाही, उलट रुजली. क्रूस केवळ रोग अडवण्यासाठीचा तोडगा असता, तर पहिल्या अपयशानंतरच लोकांनी त्याकडे पाठ फिरवली असती. त्याच्याकडून त्यांची अपेक्षा अधिक मोठी होती. जगलो तर देवाची कृपा. मेलो तरी आपण त्याच्या हातातून निसटणार नाही. ही दुसरी बाजू पक्की होती म्हणून पहिली कोसळली तरी माणसं उभी राहिली. प्लेगच्या क्रुसांचा सगळ्यात मोलाचा अर्थ हाच आहे, आणि ‘क्रुसाने प्लेग हटवला’ या गोष्टीत नेमका तोच हरवतो.

ही आशा मुंबईत जन्मलेली नव्हती. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात एक भयंकर साथ पसरली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा बिशप सिप्रियन याने तेव्हा आपल्या लोकांसाठी मर्त्यतेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती लोकही इतरांसारखेच का मरत आहेत, हा त्याच्या लोकांचा प्रश्न होता. सिप्रियनने त्यांना सुटकेचं आश्वासन दिलं नाही. देह सगळ्यांचा सारखाच आहे, आजार सगळ्यांना सारखाच येणार, हे त्याने मान्य केलं. मग गेलेल्यांसाठी आशा सोडून शोक करू नका, ते पुढे गेले आहेत, असं सांगितलं. आणि त्याचबरोबर शहरातल्या आजाऱ्यांची सेवा उभी केली. त्यात ख्रिस्ती नसलेल्यांनाही वगळलं नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या पत्रातही रोग्यांची शुश्रूषा करता करता मेलेल्या ख्रिस्ती लोकांची आठवण आहे. पुनरुत्थानावरचा विश्वास माणसाला रोग्याच्या खाटेपासून दूर नेत नाही, तो त्याला खाटेजवळ नेतो, हे या परंपरेचं सांगणं.

मुंबईत ते कसं घडलं? डॉ. व्हिएगस मांडवीच्या खुराड्यांत फिरत राहिले. पुढे लस आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार लोकांना ती टोचली, असं सांगितलं जातं. ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या धर्मभगिनी प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेत उतरल्या. रोगाचा वाहक पिसू आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवलं. म्हणजे पहिल्या दोन हिवाळ्यांत रोग्याजवळ जाणारा माणूस काय धोका पत्करतोय हे त्याला धड माहीतही नव्हतं. ही सेवा काही एकट्या ख्रिस्ती लोकांनी केली नाही. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या.

माथारपाखाडीपासून भायखळ्याचा तुरुंग फार दूर नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अपुऱ्या जागेत रात्रंदिवस काम करून शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. अवघ्या काही फर्लांगांच्या टापूत, एकाच वर्षात, एकीकडे लस आणि दुसरीकडे क्रूस. या दोन गोष्टींना एकमेकींविरुद्ध उभं करण्याची आज सवय आहे. त्या लोकांना तसा काही विरोध जाणवल्याचं दिसत नाही. निदान करणारा डॉक्टर स्वतः ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा होता. लस देह वाचवण्यासाठी होती, आणि जो देह वाचला नाही त्याच्यासाठी लसीकडे काहीच नव्हतं. तिथे क्रूस होता.

मेलेल्यांना नेलं कुठे, हेही पाहायला हवं. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमी सोनापूरच्या बाजूला होत्या. शहर वाढलं तशा त्या भरल्या, आणि १८६५ साली महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने शिवडीला बागायती संस्थेच्या जुन्या जमिनीवर नवी दफनभूमी झाली. काका बॅप्टिस्टांचं थडगंही तिथेच आहे. अनेक चर्चांच्या आवारात आपापल्या धर्मग्रामाच्या छोट्या दफनभूमी आहेत. जागा कमी आणि माणसं फार हा मुंबईचा नियम तिथेही लागू पडतो. बहुतेक थडगी कायमची नसतात. साधारण दोनेक वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात, अस्थी काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्यावर नावाची छोटी पाटी लागते. मोकळ्या झालेल्या खड्ड्यात पुढचा देह.

हा विधी एकदा तरी जवळून पाहावा असा आहे. खणणारा माणूस हाताने चाचपत माती बाजूला करतो. कवटी, मांडीची हाडं, बरगड्या एकेक करून वर येतात. घरचे दोघे-तिघे काठाशी उभे असतात. कधी जपमाळेचे मणी सापडतात, कधी साडीच्या जरीचा तुकडा. हाडं झटकून, पांढऱ्या कापडात किंवा छोट्या पेटीत ठेवून देतात. मुलगा आपल्या आईची पेटी स्वतः उचलून कोनाड्यापर्यंत नेतो. ख्रिस्ती माणूस दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, देहाच्या पुनरुत्थानावरचा विश्वास मोठ्याने बोलतो. तोच माणूस त्या देहाचं काय होतं हे असं उघड्या डोळ्यांनी पाहतो, हातात घेतो. त्याच्या श्रद्धेला मरणाचं हे रूप ठाऊक नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, या दफनभूमी झेंडूने आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. धर्मगुरू थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि थडग्यांच्या मध्येच मिस्सा होते.

२०२० साली हे सगळं पुन्हा एकदा पणाला लागलं. चर्चं बंद झाली, दहा माणसं एकत्र जमणं गुन्हा ठरलं, आणि १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा वापरात आला. ३० मार्च रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने मेलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाचं दहनच करावं. काही तासांतच ते बदलावं लागलं. पुढे वांद्र्यातल्या दफनभूमींचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मे महिन्यात दफनाला मुभा दिली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा माणसाचा हक्क असल्याचं सांगितलं. तरी काही ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या माणसांचं दहन केलं. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ सालीच परवानगी दिलेली होती. रक्षा मात्र विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं रोमने २०१६ साली स्पष्ट केलं. देव मातीतून उठवू शकतो तसाच राखेतूनही उठवू शकतो, हे धर्मशास्त्राला मान्यच आहे. पण आजीच्या हाडांना हात लावून वाढलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागला, आणि तो वेळ त्याला देणंच योग्य होतं.

त्या महिन्यांत वर्तमानपत्रांना प्लेगच्या क्रुसांची आठवण झाली, आणि बऱ्याच मुंबईकरांना ते पहिल्यांदाच कळले. एरवी या क्रुसांची बातमी व्हायची ती पाडापाडीच्या निमित्ताने. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीटसाठी कावेल या जुन्या ख्रिस्ती पाड्याचा मोठा भाग गेला. म्हणजे ज्या रोगाने क्रूस उभे केले त्याच रोगाच्या निमित्ताने काही वस्त्या उठल्या. २००९ साली सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत प्रार्थनास्थळांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि महापालिकेच्या याद्यांत रस्त्याकडेचे क्रूस येऊ लागले. २०१७ च्या एप्रिलमध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा एक जुना क्रूस पाडला गेला. तो खासगी जागेत होता असं रहिवाशांचं म्हणणं होतं, आणि त्यावरून मोठा संताप उसळला. त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून लोक जुने फोटो, सातबारा, सिटी सर्व्हेचे नकाशे शोधू लागले. पणजोबांनी वर्गणी काढून बांधलेल्या गोष्टीचा पुरावा शंभर वर्षांनी द्यावा लागेल असं कुणाला वाटलं होतं?

कागदपत्रांपेक्षा चांगला पुरावा मे महिन्यात मिळतो. ३ मे हा क्रुसाचा जुना सण. त्याच्या आगेमागे गावठाणांतले क्रूस चुन्याने रंगवतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि महिनाभर संध्याकाळी रोजरी होते. एकेक दिवस एकेका घराच्या वाटणीला येतो. ज्या घराची पाळी त्याने मेणबत्त्या, फुलं आणि शेवटी वाटायला उकडलेले चणे आणायचे. जागेच्या भावामुळे गिरगाव-वांद्र्यातून उठून मीरा रोडला, वसईला, विरारला गेलेली कुटुंबं आपल्या पाळीला आठवणीने परत येतात. म्हातारी माणसं मराठीत सुरुवात करतात, मुलं इंग्रजीत उत्तर देतात. माळ संपली की गेलेल्यांची नावं घेतात, आणि त्या यादीत दरवर्षी एखाद-दुसरं नाव वाढलेलं असतं. मग चण्यांचे द्रोण फिरतात आणि पुढच्या दिवसाची पाळी कुणाची याची चौकशी सुरू होते.